पेंटरची सावली उजवीकडेच

३ जुलै रोजी मी दोन हजार चारशे रुपये रोख भरून चित्रकलेच्या तीन महिन्यांच्या वर्गात नाव घातले. त्यातले निम्मे माझ्या नावावर आणि निम्मे माझ्या मेहुण्याच्या. निवृत्तीला वर्षही उरले नसताना माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा, असे आमच्या हिशेब खात्यात सगळेच मला सांगत होते. पण मी छंदासाठी गेलो नव्हतो. मेहुण्याला सोबत म्हणून गेलो होतो. तो त्रेपन्न वर्षांचा. त्याचे म्हणणे असे होते की शाळा-कॉलेजातल्या मुलींमध्ये तो एकटा बसला तर नापास होऊन होऊन म्हातारा झालेला विद्यार्थी वाटेल. दोघे असलो म्हणजे लोकांना वाटेल, कसली तरी योजना असावी.

माझ्या मेहुण्याला सगळे पेंटर म्हणतात. त्याची सख्खी बहीण, म्हणजे माझी बायकोही त्याला पेंटरच म्हणते. बोर्ड रंगवणे हा त्याचा धंदा. दुकानांच्या पाट्या, शटरवरची नावे, टेम्पोच्या मागचे नंबर, दवाखान्याच्या वेळा, ‘येथे गाडी लावू नये’. एक काळ असा होता की आमच्या रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले तर सगळीकडे एकाच माणसाचे अक्षर दिसे. औषधवाल्याचे आणि चपलावाल्याचे नाव सारख्याच प्रेमाने काढलेले.

त्याचा गाळा इतका अरुंद होता की लांब बोर्ड तिथे आडवा मावत नसे. तो उभा करून, अक्षरे कुशीवर झोपवूनच तो रंगवायचा. आडवे पडलेले अक्षर त्याला उभ्या अक्षराइतकेच सरळ दिसते. मात्र शेड द्यायची वेळ आली की बोर्ड बाहेर फूटपाथवर नेऊन सरळ करायचा, हा त्याच्या गुरूने घालून दिलेला नियम. शेड म्हणजे अक्षराच्या उजव्या अंगाला आणि खाली ओढलेली काळी पट्टी. ती ओढली की अक्षर पाटीवरून बोटभर वर उचलल्यासारखे वाटते. शेडची अक्षरे मागणारे गिऱ्हाईक दिलदार आणि बिनशेडवाले चिक्कू, अशी त्याने माणसांची सरळ वाटणी करून टाकली होती. मी माझ्या घराची पाटी बिनशेडची मागितली होती. तो विषय अजून निघतो.

मग छापील बॅनर आले आणि पेंटरचे काम हळूहळू कचऱ्याच्या डब्यांवर नंबर घालण्यापर्यंत आले. गाळा सोडावा लागला. तो एकटाच, लग्न केलेले नाही. आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहतो आणि रात्री आमच्याकडे जेवतो. यंदा जूनमध्ये त्याने जेवताना जाहीर केले की एका एजन्सीने त्याला वॉचमन म्हणून घेतले आहे. शहराबाहेर एक गोदाम ऑक्टोबरात सुरू होणार होते. पहिल्या सोमवारपासून रात्रपाळी. युनिफॉर्म आधीच मिळाला होता. दोन मापांनी मोठा.

“तू आणि रात्रपाळी?” बायको म्हणाली. “तुला बातम्या संपेपर्यंत जागं राहता येत नाही. चोरच तुला उठवून विचारतील, दादा, किल्ली कुठंय?”

“मग सांगेन की,” पेंटर म्हणाला. “भांडण कशाला?”

तो हसला, पण त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही. बायकोने ते पाहिले आणि मीही पाहिले.

त्याच आठवड्यात फर्निचरवाल्याची गोष्ट झाली. नदीपलीकडे एक मोठा कारखाना आहे, खुर्च्या-कपाटे ऑर्डरप्रमाणे करून देणारा. त्याच्या मालकाचा जुना बोर्ड पुसट झाला होता आणि नवा त्याला हाताने रंगवलेलाच हवा होता. पेंटर शिडीवर असताना मालकाने खालून विचारले, “चित्रं काढतोस का रे तू?”

“काढतो की,” पेंटर म्हणाला. काम विचारणाऱ्याला तो नाही म्हणत नाही. एकदा त्याने एका बँडवाल्याला क्लॅरिनेट वाजवता येते असे सांगितले होते.

मालकाची अडचण अशी होती. गिऱ्हाईक येते आणि हातवारे करून सांगते, मला अशी अशी खुर्ची पाहिजे. त्याला कॉम्प्युटरवरची चित्रे दाखवली की म्हणते, हे तर सगळीकडेच मिळते. तेच कोणी समोर बसून पेन्सिलीने, उजेड-सावलीसकट खुर्ची काढली तर त्याला वाटते, ही माझी खुर्ची. हे काम करणारा म्हातारा गृहस्थ सप्टेंबरअखेर मुलाकडे राहायला जाणार होता. मालक म्हणाला, “ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी ये. माझ्यासमोर एक खुर्ची काढ. बसावंसं वाटलं तर काम तुझं. महिन्याचा पगार, दिवसाची नोकरी.”

म्हणजे एकाच सोमवारी सकाळी खुर्ची नाहीतर रात्री गोदाम. पेंटरने आयुष्यात कधी खुर्ची काढली नव्हती. ‘खुर्ची’ हा शब्द काढला होता, शेडसकट.

वर्ग एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर गेल्यावर. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. दिवसा शाळेत शिकवतात आणि तिथून थेट येतात, त्यामुळे जेवणाचा डबा वर्गातच, जमेल तेव्हा उघडतात. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिले आणि विचारले, “पालक का?”

“नाही,” पेंटर म्हणाला. “मुलं.”

पहिला धडा सात चौकोनांचा. पहिला कोरा, शेवटचा काळा, मधले पायरीपायरीने गडद करत न्यायचे. पेन्सिल एकच, फक्त हाताचा दाब बदलायचा. हे काम मला मनापासून आवडले. मी पट्टीने चौकोन आखले, सारख्या मापाचे, आणि प्रत्येकाखाली क्रमांक घातला. मॅडम म्हणाल्या, “काका, चौकोन फार सुंदर आहेत. आता त्यात काहीतरी भरा.”

पेंटरचे चौकोन त्याहून चांगले. इनॅमल रंग लावल्यासारखे सपाट, कुठे रेघ दिसत नाही. तो सोबत त्याची काठी घेऊन आला होता. टोकाला कापडाचा गोळा बांधलेली काठी पाटीवर आडवी टेकवून तिच्यावर मनगट ठेवायचे, म्हणजे हात थरथरत नाही आणि ओला रंग पुसला जात नाही. पेन्सिलीचेही काम पुसले जाईना. मॅडमनी ती काठी हातात घेऊन पाहिली आणि पुढच्या आठवड्यात वर्गातल्या तीन मुली काठ्या घेऊन आल्या. पेंटर खूश. घरी येताना मला म्हणाला, “भावोजी, तीन महिने जास्तच झाले. दीड महिन्यात उडवतो.”

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी टेबलावर पांढरा चेंडू ठेवला आणि उजव्या बाजूला दिवा लावला. बाकीचे दिवे बंद.

“डोळे अर्धवट मिटून बघा,” त्या म्हणाल्या. “बारकावे जातात आणि उजेड-सावली उरते.” मी ऑफिसातून थेट आलेलो असल्यामुळे माझे पूर्णच मिटले गेले. पेंटरने कोपर मारले.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. दिव्याकडच्या बाजूला सगळ्यात उजळ ठिपका, तिथे पेन्सिल लावायचीच नाही. मग फिकी छटा, मग मधली, मग सगळ्यात गडद पट्टा. आणि हा पट्टा अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. कारण टेबलावर पडलेला उजेड परत उसळून चेंडूच्या खालच्या कडेला लागतो आणि तिथे पुन्हा जरा उजळ दिसते. शेवटी टेबलावर पडलेली सावली, दिव्याच्या उलट दिशेला. एवढे जमले की कागदावरचे वर्तुळ चेंडू होते.

माझे वर्तुळ नाणे झाले. पेंटरचा मात्र चेंडूच झाला होता, कागदावरून उचलून घ्यावासा. मॅडम त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

“पेंटरकाका, दिवा कुठं आहे?”

“उजवीकडे.”

“मग सावली कुठं पडायला पाहिजे?”

“उजवीकडे,” पेंटर म्हणाला.

“दिव्याच्याच बाजूला?”

पेंटरने दिव्याकडे पाहिले, चेंडूकडे पाहिले, स्वतःच्या हाताकडे पाहिले. “सावली उजवीकडेच असते, मॅडम,” तो जरा चाचरत म्हणाला. “उजवीकडे आणि खाली.”

“कोणी सांगितलं?”

“सगळ्या बोर्डांवर तशीच आहे.”

वर्गात हशा पिकला. पेंटरही हसला आणि त्याने दुसरा कागद घेतला. या वेळी त्याने बजावून सांगावे तसे स्वतःशी पुटपुटत काम केले. डावीकडे, डावीकडे. उजळ ठिपका बरोबर उजवीकडे सोडला. गडद पट्टा डावीकडे सुरू केला. मग हात आपोआप वळला आणि सावली उजवीकडे जाऊन पडली. आता त्या चेंडूला दोन्हीकडून अंधार होता.

“आणि ही बाहेरची काळी रेघ काढून टाका,” मॅडम म्हणाल्या. “चेंडूला बॉर्डर नसते.”

“बॉर्डर नसली तर आतलं सांडेल ना!”

“मागचा काळोख त्याला धरून ठेवतो. सांडत नाही.”

बॉर्डरचे पेंटरने ऑगस्ट लागेपर्यंत जमवून आणले, पण सावलीचे काही केल्या जमेना. तीस-पस्तीस वर्षे हाताने एकच दिशा घोटलेली. डोक्याला कळत होते, हाताला कळत नव्हते. रोज रात्री जेवणानंतर तो आमच्या टेबलावर सराव करी. बल्ब, औषधाची बाटली, साखरेचा डबा, माझा चष्मा. गोल वस्तूवर रेघाही गोल फिरवायच्या, सपाट वस्तूवर सरळ, डब्याच्या तीन बाजूंच्या तीन वेगळ्या छटा, हे सगळे त्याने आमच्या डोळ्यांसमोर शिकून घेतले. एका रविवारी सकाळी त्याने बायकोचा चहाचा कप काढला. तिने चित्र उचलून खिडकीजवळ नेले.

“कप झकास आलाय रे. पण ऊन खिडकीतून येतंय की भिंतीतून?”

“ताई, तू तरी नको.”

“मी काय केलं? मी फक्त कुठून येतंय ते विचारलं. पडदा धुवायचा की भिंत, ते ठरवायला.”

मग मॅडमनी कापडाच्या घड्या काढून आणायला सांगितल्या. पेंटरच्या खोलीत खिळ्याला कापड म्हणून एकच गोष्ट लोंबत होती, ती म्हणजे एजन्सीचा युनिफॉर्म. त्याने तोच काढला. कॉलरखालची दुमडलेली सावली, कोपराजवळच्या चुण्या, खिशाच्या झाकणाखालचा अंधार. जेवायला आला तेव्हा कागद सुरळी करून आणला होता. बायकोने तो उलगडला. चुकीचे काहीच नव्हते. सावलीसुद्धा जिथल्या तिथे होती.

“फाड हे,” ती म्हणाली.

“का? चांगलं नाही आलं?”

“इतकं चांगलं आलंय की आत तू उभा असल्यासारखा वाटतोस. फाड म्हणते ना.”

त्याने फाडले नाही, घडी घालून खिशात ठेवले. मला मात्र त्या चित्रामुळे एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या खोलीत खिडकी डावीकडे आहे. उजेड डावीकडून आला की सावली आपोआप उजवीकडे पडते आणि मग त्याच्या हाताला कोणीही नावे ठेवू शकत नाही. मी हे त्याला सांगितले तेव्हा त्याने मला मिठीच मारली.

“मग झालं तर! खुर्चीच्या डावीकडे दिवा ठेवायचा. संपला प्रश्न!”

मी सवयीने म्हणालो, आधी जागा पाहून येऊ. आम्ही शनिवारी दुपारी कारखान्यात गेलो. कुठल्याशा कपाटाची चौकशी केल्यासारखे करत मी चित्राचे टेबल पाहिले. मोठी खिडकी, भरपूर उजेड, आणि टेबलाशी बसणाऱ्याच्या बरोबर उजव्या हाताला.

“टेबल फिरवता येईल का हो?” मी मालकाला विचारले.

“त्यावर पूर्वी मशीन होतं. जमिनीत बोल्ट मारून बसवलंय,” मालक म्हणाला. “कपाट घ्यायचंय की टेबल?”

पूल ओलांडून आमच्या गल्लीशी आल्यावर पेंटर म्हणाला, “सूर्यसुद्धा एजन्सीचाच माणूस निघाला.”

सप्टेंबर संपत आला. पेंटर वर्गात येत राहिला, पण काठी घरी विसरू लागला. बायकोने एका दुपारी त्याच्याकडून युनिफॉर्मची पँट मागून घेतली आणि ती मशीनवर बसून कमरेत आत घेतली, पायाला टीप मारून आखूड केली. मला म्हणाली, “अहो, जायचंच असेल तर निदान ढगळ कपड्यात नको जायला.” शिलाईमशीनच्या आवाजात बोलून उपयोग नसतो.

शेवटचा वर्ग शनिवारी होता, सोमवार दोन दिवसांवर. मॅडमनी पेंटरसाठी मुद्दाम अंडे ठेवले होते. चेंडू त्याला पाठ झाला होता, अंड्याचा उतार एका बाजूने वेगळा असतो. आधी एकदा कच्चे अंडे टेबलावरून घरंगळून माझ्या बुटात पडले होते, त्यामुळे या वेळी उकडलेले, सोललेले, पांढरे स्वच्छ. दिवा उजवीकडे. बाकीची मुले लवकर गेली होती. मॅडमना खालून कोणीतरी हाक मारली, पुढच्या तीन महिन्यांची चौकशी करायला कोणी पालक आले होते. त्या जिना उतरून गेल्या.

पेंटरने अंडे काढले. उतार बरोबर, उजळ ठिपका बरोबर, बॉर्डर नाही. सावली उजवीकडे.

त्याने पेन्सिल ठेवली. “भावोजी, मी उद्या एजन्सीत जाऊन सांगून येतो की सोमवारी येतोय.”

“सोमवारी सकाळी आधी कारखाना,” मी म्हणालो.

“कशाला हसं करून घ्यायचं? मालकाने उजवीकडे बघायचं, खिडकी. चित्रात उजवीकडे बघायचं, अंधार. म्हणेल, याला दिसत नाही, याला वॉचमन करा.”

आणि त्याने कागद वैतागून माझ्याकडे ढकलला. कागद टेबलावर गर्रकन फिरला आणि आडवा होऊन थांबला. वरची बाजू डावीकडे गेली होती. पेंटर उठायच्या बेतात होता, तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. झोपलेल्या अक्षरांकडे आयुष्यभर पाहिलेला माणूस तो. त्याने त्या आडव्या अंड्याकडे पाहिले, मग दिव्याकडे, मग पुन्हा अंड्याकडे.

“आडवं,” तो म्हणाला.

“काय आडवं?”

“कागद आडवा! भावोजी, अंडं सरळ काढायचं. नुसतं काढायचं, शेड नाही. मग कागद असा पाव फिरवायचा, डोकं डावीकडे. आता अंड्याची डावी-खालची बाजू कुठं आली?”

मी बोटाने मोजून पाहिले. “उजवीकडे खाली.”

“माझ्या हातासमोर!”

त्याने नवा कागद ओढला. अंडे सरळ काढले, फिक्या रेघेत. कागद फिरवला. मग त्याचा हात सुटला. पस्तीस वर्षांची सवय त्याने लगाम न घालता धावू दिली, उजवीकडे आणि खाली, उजवीकडे आणि खाली. गडद पट्टा, कडेचा परतलेला उजेड, टेबलावरची सावली. मग कागद सरळ केला. उजेड उजवीकडून येत होता. सावली डावीकडे पडली होती. अंडे टेबलावर विसावले होते.

पेंटरने दोन्ही हात वर केले, खोलीत एक चक्कर मारली, आणि आनंदाच्या भरात समोरचे अंडे उचलून दोन घासांत खाऊन टाकले.

मॅडम वर आल्या. त्यांनी आधी कागद पाहिला. “काका! हे कसं केलंत?”

पेंटरने करून दाखवले. मॅडम कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. “ही पळवाट आहे,” त्या म्हणाल्या. “शिकणं नाही हे. हाताची सवय मोडायला पाहिजे.”

“मोडू ना, मॅडम. सोमवारनंतर रोज मोडू. सोमवारी चालेल का एवढं सांगा.”

“सोमवारी पळेल,” मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. मग टेबलाकडे वळल्या. “अंडं कुठं गेलं?”

पेंटरने तोंड पुसले. “मॉडेलचं काम संपलं होतं…”

“ते माझ्या डब्यातलं होतं. दुसरं काही आणलं नव्हतं मी आज.”

पेंटरचा चेहरा असा पडला की मीच पुढे झालो. म्हणालो, “मॅडम, ते आमच्याकडे लागलं.”

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारखान्यात त्या वेळी एक बाई आल्या होत्या. वडिलांसाठी खुर्ची हवी, उठताना हाताने रेटा देता येईल अशी. मालकाने पेंटरला टेबलाशी बसवले आणि म्हणाला, “हं. बाई सांगतील तशी काढ.”

बाई सांगत गेल्या. पाठ उंच, पाय गोल, खरादावर फिरवून काढलेले, बसायला जाड गादी. पेंटरने फिक्या रेघांत खुर्ची उभी केली. काठी टेकवली. मग शांतपणे कागद पाव फिरवला. खुर्चीचे पाय उजवीकडे, पाठ डावीकडे.

“अरे, खुर्ची आडवी का पाडलीस?” मालक ओरडला.

“उठेल ती,” पेंटर म्हणाला. “वडील उठायच्या आधी उठेल.”

बाईंना हसू फुटले. मालकाला फुटले नाही. पेंटरने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बैठकीखालचा गडद भाग आधी भरला, मग गोल पायांवर गोल फिरणाऱ्या रेघा, गादीच्या पुढच्या कडेला परतलेला उजेड. एकदा त्याची पेन्सिल पाठीच्या बाहेरच्या कडेवर जाऊन थांबली. बॉर्डर मारावी की नाही, असा तो एक क्षण होता. पेन्सिल मागे आली आणि त्याने पाठीमागची भिंत थोडी काळी केली.

मग कागद सरळ केला आणि टेबलावर ठेवला.

कोणी छान म्हणाले नाही. बाई खाली वाकल्या आणि चित्रातल्या खुर्चीच्या हातावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे हात जरा खाली घ्या. बाबांच्या खांद्याला ताण येईल. आणि गादी इतकी मऊ नको, रुततील ते.”

मालकाने बाईंकडे पाहिले, मग चित्राकडे. खुर्ची अजून जगात नव्हती आणि बाई तिच्याशी भांडत होत्या.

“उद्या नऊला ये,” तो पेंटरला म्हणाला. “आणि या बाईंना हात खाली करून दे आधी.”

पेंटरने हात खाली करून दिले. मग खाली कोपऱ्यात, सरळ कागदावर, स्वतःचे नाव घातले. ‘पेंटर’. सवयीने अक्षरांना शेडही दिली. मालकाने चित्र हातात धरून खिडकीकडे केले आणि कपाळाला आठी घातली.

“खुर्चीची सावली डावीकडे, नावाची उजवीकडे. या कागदावर दोन सूर्य आहेत का रे?”

“खुर्ची तुमच्या खिडकीतली आहे, साहेब,” पेंटर म्हणाला. “नाव माझ्या गाळ्यातलं आहे.”

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. पेंटरने फक्त हाताने बसायची खूण केली, जणू समोर खुर्ची आहे. ती तशीच वळून आत गेली आणि कात्री घेऊन शिलाईमशीनशी बसली. युनिफॉर्म परत करायचा तर पँट होती तशी करून देणे भाग होते, आणि तिने टीप फार पक्की घातली होती. उसवताना ती स्वतःलाच शिव्या घालत होती आणि मधूनच नाक ओढत होती.

पेंटर आता सकाळी पावणेनऊला टिफिन घेऊन पूल ओलांडतो. गिऱ्हाइके मान वाकडी करून त्याची आडवी खुर्ची पाहतात. मालकाने एक-दोनदा विचारले, सरळ काढता येत नाही का? पेंटर म्हणतो, शिकतोय. ते खरेही आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार तो कारखान्यातून थेट वर्गात येतो आणि मॅडम त्याला दिवा उजवीकडे लावून बसवतात. कागद फिरवायला बंदी. परवा त्याचे एक लिंबू जवळजवळ बरोबर आले होते. माझी नाणी अजून नाणीच आहेत, पण त्यांची किंमत वाढते आहे असे मॅडम म्हणतात.

मी शनिवारी डब्यात अंडे घालून नेले होते. मॅडम त्या दिवशी आल्या नव्हत्या आणि जिन्यातच पेंटरला भूक लागली. मॅडमचे एक उकडलेले अंडे आमच्याकडून अजून देणे आहे.